ऐन पावसात रजेवर गेलेल्या वायपरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. वायपर (उजवे),
तळोदा ते धडगाव फेरीची जुनी जीप,
मुक्काम : समोरची काच.

विषय : भर पावसात काच न पुसल्याबाबत खुलासा मिळणेबाबत.
संदर्भ : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम क्र. १०१.

महोदय,

हे पत्र आपल्या डाव्या बंधूंनाही पाठवायचे होते. पण त्यांच्या जागी आता आट्यांची गंजलेली खुंटी तेवढी उरली आहे. ते कधी गेले, कुठे गेले, याची नोंद गाडीत कोणाकडेच नाही. म्हणून दोघांचा जाब आपणा एकट्यालाच विचारावा लागत आहे, राग नसावा.

आपण जिच्या काचेवर मुक्कामाला आहात ती जीप आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. पुढे इथल्या गाड्यांवर एम.एच. ३९ आले, आपल्या पाटीवर मात्र धुळ्याचे एम.एच. १८ अजून ठाम आहे. या ज्येष्ठतेचा आम्ही पूर्ण मान राखतो. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसे बसतात, ती गाडीच्या ताकदीवर विश्वास आहे म्हणूनच.

तक्रार चांदसैली घाटातली आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधे वळणांचा रस्ता. पावसाळ्यात इथे दरडी येतात; २०२१ च्या सप्टेंबरात दरड कोसळून हा रस्ता बंद पडला होता. अशा ठिकाणी वळणापलीकडे रस्ता आहे की दगड, एवढे तरी दिसावे ही प्रवाशाची अपेक्षा अवास्तव नसावी. सर कोसळली, ड्रायव्हरने बटण दाबले आणि आपण काचेच्या मधोमध येऊन उभे राहिलात. बरोबर नजरेच्या रेषेत! कामचुकारांना बसायला कोपरा पुरतो, आपण मधली जागा निवडलीत.

मी गाडी थांबवा म्हणालो. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘काही नई व्हस सर, चाली जाई.’’ खानदेशातली निम्मी वाहतूक डिझेलवर चालते आणि उरलेली या ‘चाली जाई’वर. त्याने पुडीतली तंबाखू काढून काचेवर चोळली. या उपायाला हसू नका. तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळली की थेंब थेंब न राहता पाण्याचा पातळ थर पसरतो आणि थोडा वेळ बरे दिसते. पण सातपुड्याच्या पावसापुढे पुडी किती वेळ टिकणार? मग सुतळी निघाली. ती आपल्या दांडीला बांधून एक टोक ड्रायव्हरच्या खिडकीतून आत, दुसरे माझ्या. त्याने ओढले की आपण उजवीकडे, मी ओढले की डावीकडे. त्याचा एक हात स्टेअरिंगवर, एक सुतळीवर. गिअर टाकायला मधल्या प्रवाशाचा हात. नियम १०१ म्हणतो की वायपर कार्यक्षम हवा आणि शक्तीवर चालणारा हवा. शक्ती प्रवाशाची चालेल की नाही, याबद्दल माझ्या वाचनात काही आले नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास आपणास ठाऊक असेलच. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंना १० नोव्हेंबर १९०३ रोजी आपले पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत चालकाने आतून हाताने दांडा फिरवायचा होता. त्यानंतर जगाने व्हॅक्यूम आणले, विजेची मोटर आणली. आपण सव्वाशे वर्षांचा तो प्रवास एका सुतळीत उलटा करून दाखवलात. दुसरे आपले उपकारकर्ते रॉबर्ट कर्न्स. थांबून थांबून पुसणाऱ्या वायपरच्या पेटंटसाठी त्यांनी १९६४ मध्ये अर्ज केला, मग हक्कासाठी फोर्ड कंपनीशी वर्षानुवर्षे कोर्टात झुंजले आणि १९९० मध्ये सुमारे १ कोटी २ लाख डॉलरवर तडजोड झाली. कर्न्स यांच्या वायपरला थांबवायला एक सर्किट लागे. आपण सर्किटाविना, स्वेच्छेने थांबता. आपला दावा अधिक भक्कम आहे, वकील पाहावा.

एकतर्फी निकाल नको, म्हणून धडगावला पोहोचल्यावर आपली रीतसर चौकशी लावली. चौकशी अधिकारी : एक गॅरेजवाले मिस्तरी. त्यांनी आधी हत्यार उचलले नाही. बटण दाबले आणि कान लावला. मोटरचा आवाज येतो आणि दांडी हलत नाही, तर मोटर निर्दोष : दांडीचा नट ढिला, नाहीतर खुंटीवरचे दाते झिजलेले, नाहीतर आतल्या सळ्यांच्या सांध्यातला प्लास्टिकचा बुश फुटून सळी निसटलेली. आवाजच येत नाही, तर आधी फ्यूज, मग बटण, मग वायर आणि अर्थिंग. तरीही उमगले नाही तर बॅटरीवरून मोटरला डायरेक्ट वायर द्यायची. फिरली, तर दोष वाटेत कुठेतरी आहे. नाही फिरली, तर मोटर खोलायची.

आपल्या बाबतीत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चमकी कागद निघाला. अडकलेली दांडी मोटर रेटू लागली की जादा करंटने फ्यूज वितळतो आणि मोटर वाचवतो. तो मरण्यासाठीच नेमलेला असतो. चमकी कागद इतका नेमका हुतात्मा होत नाही. तो टिकून राहतो आणि त्याच्या वाटचे मोटरला भोगावे लागते. आपली मोटर अर्धी भाजलेली होती. खुंटीच्या नळीतले ग्रीस वाळून गोंदासारखे घट्ट झाले होते, त्यामुळे दांडी जड चालत होती. आणि मधोमध उभे राहण्याच्या ज्या गुन्ह्यावर मी एवढा तापलो, त्याचे मूळ मोटरीतच होते. बटण बंद केल्यावर दांडी जागेवर नेऊन मगच करंट तोडणारा एक छोटा संपर्क आत असतो. तो जळून काळा पडला होता. आणि ती घाटातली शेवटची फेरी तर मोटरने मधेच दम तोडल्यामुळे अर्धवट राहिली होती.

रबराबद्दल मिस्तरी काही बोलले नाहीत, बोटाने नुसते वाकवून दाखवले. ते तुटले. आमच्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने आपण त्याच काचेला टेकून उन्हात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, काच तापते, रबर कडक होऊन एका अंगाला कलते. हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरून पोती वाहायची, तिथली धूळ. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागची धूळ. शिवाय पुढच्या गाडीचा काळा धूर. हे सगळे रबराच्या कडेला जमते. मग पहिल्या पावसात आपण पुसत नाही, सारवता. कोरड्या काचेवर धूळ झाडायला कोणी आपल्याला फिरवले, तर त्याच रबरातली वाळू काचेवर कायमच्या रेघा ओढते. ओल्या फडक्याने रबर पुसायला आणि साबणाने काचेचा तेलकटपणा काढायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. तेवढाही कोणी दिला नाही.

आणखी एका आरोपातून आपणास मुक्त करतो. घाटात काच धूसर झाली की प्रवासी ‘वायपर मारा, वायपर मारा’ म्हणतात. ते धुके आतले असते : पाचजणांचा श्वास, ओले कपडे, बंद खिडक्या. आपली नेमणूक बाहेरच्या अंगाला आहे. आतला कारभार सुधारायला खिडकी बोटभर उघडावी लागते, पण भिजायला कोणी तयार नसते.

मिस्तरींचा एक प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. योग्यता तपासणीला ही गाडी पास झाली कशी? मालकांचा खुलासा असा, की त्या दिवशी वायपर हलत होता. कोरड्या काचेवर, दोन फेऱ्या. वर्षातून एकदा साहेबांसमोर हात हलवून दाखवणारे आपण एकटेच नाहीत. या राज्यात आपल्याला बरीच सोबत आहे.

सबब, चौकशीअंती आपणास सर्व आरोपांतून निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. गाडीतल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असे आपले रबर, आणि घाटात दहा-बारा जणांचा जीव त्याच्या भरवशावर. आठ महिने ज्यांनी आपल्याकडे ढुंकून पाहिले नाही, त्यांनीच आपणास गुन्हेगार ठरवले. मीही त्यांतच होतो, कारण मी पुढे बसतो.

आपला,
पुढच्या सीटवरचा एक प्रवासी

प्रत माहिती व कार्यवाहीस्तव :

१) गाडीमालक : मृग लागण्याआधी दोन्ही बाजूंची रबरे नवी घालावीत. दांडीची स्प्रिंग काचेवर पुरेशी दाबते का पाहावे, खुंटीत तेल सोडावे, फ्यूज ज्या अँपिअरचा सांगितला आहे त्याच अँपिअरचा बसवावा. डाव्या बंधूंच्या रिक्त पदावर तातडीने नेमणूक करावी.

२) तपासणी करणारे साहेब : वायपर पाहताना काचेवर आधी तांब्याभर पाणी ओतावे.

३) ड्रायव्हर : तंबाखू स्वतःसाठीही वापरू नये.

४) सर्व प्रवासी : पावसाळ्यात गाडीत बसण्याआधी वायपर एकदा चालवून दाखवायला सांगा. चालत नसेल तर घाट चढू देऊ नका. खालीच थांबा, सर ओसरू द्या, आणि उशीर झाल्याचा दोष ड्रायव्हरला देऊ नका.