सरकार विरुद्ध नोटा

अमेरिकेतल्या एका खटल्याचं नाव आहे ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर’. छपाईची चूक नाही. वादी अण्वस्त्रधारी महासत्ता आणि प्रतिवादी नोटांची पुडकी, तीही ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत दडवलेली. दिवाणी जप्तीच्या कायद्यात मालकावर गुन्हा दाखल करायची गरज नसते. थेट मालावरच दावा लावतात. माल कधी उलट बोलत नाही, ही मोठी सोय.

मे २००३ मध्ये नेब्रास्कातल्या महामार्गावर एक भाड्याची गाडी वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलिसांनी अडवली. झडतीत अमली पदार्थ चिमूटभरही सापडले नाहीत. सापडली ती रोकड. ‘मोठी रक्कम जवळ आहे का?’ या प्रश्नाला चालक आधी ‘नाही’ म्हणाला होता, हे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यानेही मान्य करायला हवं. पुढे त्याने कोर्टात सांगितलं, की पैसे काही जणांनी मिळून जमवले होते, शिकागोत शीतगृहाचा ट्रक घ्यायचा होता, पोचेपर्यंत तो विकला गेला. खालच्या न्यायालयाने पैसे त्याचे त्याला द्यायचं ठरवलं. २००६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ते फिरवलं. एवढी रोकड बाळगणं हाच अमली पदार्थांशी संबंध असल्याचा सबळ पुरावा, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. जोडीला भाड्याची गाडी, लपवाछपवी आणि कुत्रा.

म्हणजे मुद्देमालच आरोपी आणि मुद्देमालच आरोपीविरुद्धचा साक्षीदार. पोलिसांची केवढी धावपळ वाचली!

कुत्र्याविषयी दोन शब्द. तो गाडीभोवती फिरला आणि त्याने इशारा दिला. आता गंमत अशी, की २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी अमेरिकी नोटा तपासल्या, तेव्हा दहांतल्या जवळपास नऊ नोटांवर कोकेनचे कण निघाले. या हिशेबाने धर्मादाय पेटीसमोरही कुत्र्याने भुंकायला हरकत नाही.

नोटा बांधण्याचंही शास्त्र आहे. बँका कागदी पट्टी लावतात, म्हणून रबरबँड लावलेली पुडकी बऱ्याच निकालांत संशयास्पद ठरली आहेत. पैसे लपवले तर मनात काळंबेरं. उघडे ठेवले तर, कोण जाणे, निर्ढावलेपण. चोरांच्या भीतीने माणूस पैसे दडवू शकतो, हे त्या अपील न्यायालयानेही तत्त्वतः मान्य केलं. पण एक लाखाच्या पुढे गेल्यावर त्यांचा तत्त्वापेक्षा व्यवहारज्ञानावर जास्त विश्वास.

२००० साली कायदा सुधारला, आणि संबंध सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर आली. पण फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, पारडं जरा इकडे झुकलं तरी पुरे. खटला दिवाणी असल्यामुळे रोकड गमावलेल्याला सहसा सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. वकिलाची फी भरायला पैसे हवेत, आणि पैसे आरोपीच्या पिंजऱ्यात.

या साऱ्यात पोलिसांचा उत्साह कशाने टिकतो, असा प्रश्न भाबड्यांनाच पडेल. १९८४ पासून केंद्र सरकार जप्तीतला वाटा स्थानिक पोलिसांना देतं, ८० टक्क्यांपर्यंत. खंडणी म्हणायचं नाही. त्याचं अधिकृत नाव ‘न्याय्य वाटणी’.

२०१६ मध्ये नेब्रास्काने आपल्यापुरता हा दिवाणी प्रकार मोडीत काढला. राज्याच्या कायद्याखाली जप्ती हवी, तर आधी माणूस दोषी ठरवा. केंद्राचा कायदा मात्र जागच्या जागी आहे, आणि २५,००० डॉलरांच्या वरची रोकड राज्याचे पोलीस अजूनही केंद्राच्या हवाली करू शकतात. मग तिकडून वाटा परत येतो, मोजून, बिनचूक, आणि बँकेमार्फत येत असल्यामुळे रबरबँडशिवाय.