तुला ठाऊकच आहे

येत्या बुधवारच्या प्रार्थनासभेत सहनशीलतेवर दहा मिनिटं तुम्हीच बोला, असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हा मी "छे छे, मी कसला!" म्हणालो. म्हणालो खरा, पण त्यासाठीची वही मी दोन दिवस आधीच आणून ठेवली होती. एकतीस वर्षं आठवीला भूमिती शिकवलेल्या माणसाने सहनशीलतेवर बोलायचं नाही, तर काय जकात नाक्यावरच्या माणसाने बोलायचं?

तयारी कसून केली. सुरुवात अर्थातच गलतीकरांस पत्रापासून. लहानपणी मला वाटायचं, हे पत्र गलती करणाऱ्यांना धाडलेलं आहे. त्यामुळे संडेस्कूलमध्ये ते उघडलं की मी शेजारच्या मुलाकडे बघायचो. आत्म्याची नऊ फळं यातच आहेत आणि सहनशीलतेचा नंबर चौथा. पहिल्या तिन्हींवर आधीच्या बुधवारी इतर मंडळी बोलून गेली होती. त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही, हीच माझी सहनशीलता.

मग ईयोबाकडे वळलो. लोक उगाच 'ईयोबाचा धीर' म्हणतात. पुस्तक आहे 42 अध्यायांचं. पहिल्या दोन अध्यायांत गुरंढोरं जातात, मुलं जातात, अंगभर गळवं येतात, तरी गडी कुरकुरत नाही. तिसऱ्या अध्यायात जे तोंड उघडतो ते थेट स्वतःच्या जन्मदिवसालाच शिव्याशाप देतो. म्हणजे 42 पैकी 2. आमच्या शाळेत पास व्हायला 35 टक्के लागत. ईयोब मला एकदम जवळचा वाटायला लागला, पण हे व्याख्यानात सांगण्यासारखं नव्हतं.

उपकारस्तुतीचंही थोडं घालावं म्हणून लूकमधले दहा कुष्ठरोगी घेतले. दहाही बरे झाले, पण आभार मानायला परत आला एकटाच, तोही शोमरोनी. दहातला एक! मला झटकन सुचलं: हा तर उपकारस्तुतीचा दशांश! हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. मंडळी हसणार आणि पाळकसाहेब रविवारच्या उपदेशात ते ढापणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लक्ष्मीबाईंचं नाव नाही का यात?" तिने 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचलंय आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून ती काही न बोलता माझ्याकडे बघते. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक ख्रिस्ती झाले 1895 साली, लक्ष्मीबाई 1900 साली. मधल्या पाच वर्षांत त्या बाईने काय काय सोसलं आणि पुढे ते हसत हसत कसं लिहिलं, हे आमच्या घरात मला नेहमी ऐकायला मिळतं. मी म्हटलं, "टिळक कवी होते." "हो ना," ती म्हणाली, "तुम्ही तर तेही नाही."

बुधवार उजाडला, तो नेमका पाण्याचा दिवस. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. मुळा धरणातून निघालेलं पाणी राहुरीकडून इतकं अंतर तोडत नगरात येतं (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून सरावलेली नाही) आणि आमच्या नळाशी आल्यावर शेवटच्या चाळीस फुटांत दम टाकतं, कारण तळमजल्यावरचे गृहस्थ लाइनला थेट मोटर लावतात. मी अंगात बनियन आणि हातात रिकामी बादली अशा अवतारात गॅलरीत जाऊन जे बोललो, त्यातले निम्मे शब्द मी आठवीच्या मुलांच्या दप्तरांतून जप्त केलेल्या चिठ्ठ्यांत वाचलेले होते. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, वहीतलं वाचून दाखवताय का त्यांना?"

आता काकांबद्दल सांगायलाच हवं. व्याख्यानाशी त्यांचा संबंध नाही, पण ज्याने काकांची प्रार्थना ऐकली नाही, त्याला आमच्या सभेची कल्पना येणार नाही. शेवटची प्रार्थना काकांनीच करायची, हा अलिखित नियम. सगळ्यांचे डोळे मिटलेले, स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास येतोय आणि काका सुरू करतात, "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे..." आणि मग प्रभूला जे ठाऊकच आहे, ते सगळं त्याला सविस्तर सांगतात. कुणाच्या सुनेचा पाय भारी आहे, कुणाचा मुलगा कुठल्या परीक्षेत कितव्या वेळी नापास झाला, कुठल्या रस्त्याचं काम कुठल्या कोपऱ्याशी थांबलंय. "मागच्या मंगळवारी, नव्हे प्रभू, सोमवारी," अशी दुरुस्तीही करतात. 'शेवटी' हा शब्द आला की नवखे पाहुणे सावरून बसतात. जुन्यांना माहीत असतं की पहिलं 'शेवटी' साधारण मध्यावर येतं. 'शेवटी' झाल्यावर 'सरतेशेवटी', त्यानंतर जगातले सगळे राज्यकर्ते, मग आजारी लोक वॉर्डवार, आणि मग यजमानीण बाई, "जिने आमच्यासाठी गरम पोहे केले आहेत." ते पोहे त्या वाक्यापर्यंत कधीच गरम राहिलेले नसतात. मी एका डोळ्याने घड्याळ लावत असे. उच्चांक तेवीस मिनिटांचा आहे आणि त्याची नोंद माझ्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केलेली आहे.

त्याच नोंदींच्या खाली आणखी एक आकडा आहे: एकोणीस. पाच वर्षांपूर्वी बायकोचं ऑपरेशन बिघडलं आणि ती दवाखान्यात अडकली, तेव्हा काका सलग एकोणीस संध्याकाळी आले. सायकलवरून. हँडलला चहाचा थर्मास. भेटायची वेळ अर्ध्या तासाची, त्यातली वीस मिनिटं काकांच्या प्रार्थनेत जायची आणि मी मनात चडफडायचो की माझ्या बायकोशी मला बोलू द्या हो. आज आठवतं ते इतकंच, की त्या अर्ध्या तासात मला तिच्याशी बोलायला काही सुचत नसे. डॉक्टरांनी बाहेर जे सांगितलेलं असे, ते आत सांगण्यासारखं नसे. काका बोलत होते म्हणून मला बोलावं लागलं नाही. मी नुसता तिचा हात धरून, डोळे मिटून उभा राहू शकत होतो, आणि डोळे मिटण्याचं कारण कुणी विचारत नव्हतं.

असो. माझं व्याख्यान झालं. दहा मिनिटं दिली होती, मी सव्वीस घेतली. दशांशाच्या विनोदावर कुणीही हसलं नाही. फक्त खजिनदारांनी मान वर केली आणि ते वहीत काहीतरी लिहू लागले. पाळकसाहेबांनी दोनदा खोकून पाहिलं. मंडळी मात्र शेवटपर्यंत हूं की चूं न करता बसली होती.

मग पाळकसाहेब म्हणाले, "काका." मार्चमध्ये काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यानंतर ते पहिल्यांदाच सभेला आले होते. नातवाने धरून उभं केलं. आम्ही डोळे मिटले. मी सवयीने एक डोळा घड्याळावर ठेवला.

"हे प्रभू," काका म्हणाले, "तुला ठाऊकच आहे..."

आणि थांबले. भिंतीवरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. काकांचे ओठ हलत होते, पण नाव येत नव्हतं. सुनेचं नाही, परीक्षेतल्या पोराचं नाही, कुणाचंच नाही. नातू हळूच काहीतरी पुटपुटला. काकांनी मान हलवली.

"...तुला ठाऊकच आहे," ते म्हणाले. "आमेन."

चाळीस सेकंद. बश्या बाहेर आल्या तेव्हा पोह्यांवर वाफ होती, आणि बराच वेळ कुणी चमचा उचलला नाही.