डॅशबोर्डमागचा पुरावा

गाडीचा एसी गार हवा देत नाही म्हणून गॅस भरायला भंडाऱ्याला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. आधी डाव्या सीटसमोरचा कप्पा उघडा. गॅस पुष्कळदा पुरेसा असतो, हवेची वाटच बुजलेली असते.

त्या कप्प्यामागे पातळ, घड्या घातलेली एक जाळी असते. मेकॅनिक तिला एसी फिल्टर म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात केबिन एअर फिल्टर असं नाव असतं. बॉनेटखालचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनासाठी असतो आणि त्याची काळजी सगळे घेतात, कारण तो तुंबला की गाडी ओढत नाही आणि डिझेल जास्त खाते. ही दुसरी जाळी आत बसणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांसाठी असते. ती तुंबली तरी गाडी पळतेच, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. इंजिनाला जेवढं जपतो तेवढं मागच्या सीटवरच्या लेकरांना जपत नाही, हे आपल्याला शोभत नाही.

आपलं गाव अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावर आहे, धानाच्या पट्ट्यात. इथे धुळीला सुट्टी नाही. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येतं, मग पुंजणे, मग चुरणी म्हणजे मळणी. हार्वेस्टर बांधीत उतरला की मागे कोंड्याचा आणि कुसळांचा ढग उठतो. कापणी झाली की कुठे ना कुठे तणीस जळतं. मग राईस मिलचा हंगाम. धानाच्या तुसात वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के सिलिका असते आणि तूस जाळलं की राखेत ती फार मोठ्या प्रमाणात उरते. मे महिन्यात उन्हाळी धान येतं आणि हेच चक्र पुन्हा फिरतं. मधल्या काळात वैनगंगेच्या रेतीचे टिप्पर आणि वीटभट्ट्या. पावसाळ्यात धूळ बसते, पण ओल धरलेल्या जाळीत बुरशी वाढते आणि एसी लावला की कुबट वास नाकात जातो.

आता कंपनीचं वेळापत्रक पाहा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ही जाळी वर्षातून एकदा किंवा दहा ते वीस हजार किलोमीटरला बदला, असं साधारण लिहिलेलं असतं. त्याच पुस्तकात पुढे असंही असतं की धुळीच्या भागात हे काम लवकर करा. ती ओळ आपल्यासाठी आहे. नागपुरात डांबरी रस्त्यावरून ऑफिसला जाणारी गाडी आणि अड्याळहून पवनीकडे टिप्परच्या मागे जाणारी गाडी यांना एकच तारीख लागू होत नाही. माझं मत सरळ आहे. धान घरात आलं, चुरणी संपली की एकदा जाळी बदला. उन्हाळी धानानंतर, पाऊस पडायच्या आधी पुन्हा काढून पाहा आणि काळी पडली असेल तर तेव्हाही बदला. धानाचा हंगाम हेच आपलं वेळापत्रक.

हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे आणि बहुतेक छोट्या गाड्यांत त्याला पाना लागत नाही. गाडी बंद करा, चावी काढा. कप्पा पूर्ण रिकामा करा. कप्प्याच्या बाजूला एखादी दोरी किंवा छोटी दांडी अडकवलेली असेल तर ती सोडवा. कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे लांबट, अरुंद झाकण दिसेल. त्याची क्लिप दाबली की झाकण निघतं आणि आतली जाळी सरळ बाहेर ओढता येते. ओढताना आडवीच ठेवा, तिरपी केली तर सगळा कचरा खाली ब्लोअरमध्ये पडतो. जाळीच्या कडेवर बाण असतो. तो हवा कुठल्या दिशेने वाहते ते दाखवतो. जुनी काढतानाच बाण कुठे होता हे बघून ठेवा आणि नवी तशीच बसवा. काही जाळ्यांवर बाणाऐवजी वरची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं. जागा ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, नवी सरकवा, झाकण लावा. मग ब्लोअर सुरू करून पाहा. शिटीसारखा आवाज आला तर झाकण नीट बसलेलं नाही.

तीन गोष्टींची खबरदारी घ्या. पहिली, डॅशबोर्डमागे पिवळ्या वेष्टणाच्या किंवा पिवळ्या जोडणीच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात. दुसरी, धानाच्या दिवसांत उंदीर काचेखालच्या फटीतून आत शिरतात आणि याच जाळीवर घर करतात. लेंड्या किंवा कुरतडलेले तुकडे दिसले तर कोरडं झाडू नका. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि ओलं फडकं, असंच साफ करा. तिसरी, सगळ्या गाड्यांत जाळी कप्प्यामागेच असते असं नाही. काहींत ती बॉनेटखाली काचेजवळ असते, काहींत पायाजवळ. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये जागा असते पण कंपनीने जाळीच दिलेली नसते. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा, त्यात चित्रासकट असतं. तुमच्या गाडीत काम अवघड असेल तर खुशाल मेकॅनिककडे जा, पण समोर उभं राहून करून घ्या आणि जुनी जाळी मागून घ्या.

आता दोन चुकीच्या सवयींबद्दल. हवा भरायच्या दुकानात जाळीवर कॉम्प्रेसरचा झोत मारून तीच परत बसवतात. झोताने वरची जाड धूळ उडते, बारीक धूळ धाग्यांत तशीच राहते आणि जोराच्या हवेने धागे सैल होतात. दुसरी सवय नळाखाली धुण्याची. या जाळ्यांच्या धाग्यांना पुष्कळदा स्थिर विजेचा भार दिलेला असतो आणि बारीक कण त्या भारामुळेच चिकटून राहतात. साबणपाण्याने तो भार जातो. धुतलेली जाळी पांढरी दिसते, काम मात्र बरंच कमी होतं. ज्या जाळीवर धुण्याजोगी असं स्पष्ट लिहिलेलं आहे तीच धुवा. बाकी बदला. काहीशे रुपयांची वस्तू आहे. ज्या गाडीसाठी आपण लाखांचं कर्ज काढतो, तिच्यात श्वासासाठी काहीशे रुपये काढायला हात आखडू नये.

बदलायचं कधी, हे गाडीच सांगते. ब्लोअर चारवर नेला तरी हवा वाढत नाही. पावसात काचेवर आतून धुकं जमतं आणि लवकर जात नाही. एसी लावल्याबरोबर घरातल्या लहान मुलाला शिंका सुरू होतात. यातलं एक जरी दिसलं तरी कप्पा उघडा.

ही जाळी काय करत नाही, तेही सांगायला हवं. साधी जाळी जाड धूळ, कुसळं आणि परागकण चांगले अडवते. अगदी बारीक धुळीतला काही भागच अडवते. कोळशाचा थर असलेली जाळी थोडी महाग असते, ती धुराचा वास आणि काही वायू कमी करते. कार्बन मोनॉक्साइड मात्र कोणतीच जाळी अडवत नाही. म्हणून बंद गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपू नका. नवी जाळी बसवली तरी नाही. टिप्परच्या मागे अडकलात तर गोल बाणाचं बटण दाबा, म्हणजे बाहेरची हवा आत येणार नाही. पण रस्ता मोकळा झाला की ते बंद करा, नाहीतर आतली तीच हवा फिरत राहते आणि चालवणाऱ्याला जडपणा येतो.

हे काम स्वतः करण्याचा आग्रह मी पैसे वाचावेत एवढ्यासाठी धरत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर जाळी बदलल्याचं लिहिलेलं असतं आणि आत जुनीच असते, हा अनुभव मला आला आहे. अशी फसवणूक उघडी पाडायला कप्पा उघडता येणं पुरेसं आहे. ज्याला आपली गाडी उघडता येते त्याला कोणी सहज गंडवत नाही.

आपली गाडी आपल्या मर्जीने दुरुस्त करण्याचा हा हक्क फुकट मिळालेला नाही. गाडीचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुरुवात एका ग्राहकाच्या तक्रारीतून झाली होती. पुढे कंपन्या वरच्या न्यायपीठांकडे गेल्या, पण ग्राहकाने भाग कुठून घ्यावा आणि कोणाकडून बसवून घ्यावा हा प्रश्न त्या आदेशाने देशासमोर आणला. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारंही होती आणि मोटारीही. हक्काची भाषा कागदावर आली आहे, पण हक्क वापरला तरच आपला. ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट बांधावर उभं राहून बदलणाऱ्या शेतकऱ्याने कारचा प्लास्टिकचा कप्पा उघडायला घाबरावं, हे मला पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी जाळी बाहेर काढली की ती नीट पाहा. पांढरी होती, आता मातकट-काळी आहे. घड्यांमध्ये कुसळं आहेत, राख आहे, रेती आहे. कारमध्ये बसलेल्याला निदान ही जाळी तरी आहे. त्याच रस्त्यावरून सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीच्या नाकापुढे कोणती जाळी आहे? मिलमध्ये पोती उचलणाऱ्या हमालाच्या, चुरणीवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईच्या, दुचाकीवर टिप्परमागे जाणाऱ्या मास्तरच्या नाकापुढे काय आहे? तुमच्या जाळीवर जे साचलं ते त्यांच्या छातीत साचतं आहे.

खेड्यात हवा शुद्ध असते, हा समज आता सोडला पाहिजे. केंद्राने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात १३० शहरं आहेत. विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला त्यात आहेत. भंडारा नाही. अड्याळसारखं गाव तर त्या यादीत बसूच शकत नाही, कारण तो कार्यक्रम शहरांचा आहे. आपल्या देशाचं मानक सांगतं की २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस केलेली मर्यादा ५ वर आणली. आपल्या गावात हा आकडा किती, हे विचारायलाही आपण सुरुवात केलेली नाही. जिथे मोजमाप नाही तिथे तक्रार ऐकली जात नाही, आणि तक्रार नसली की टिप्परवर ताडपत्री येत नाही.

म्हणून अड्याळच्या आणि आसपासच्या गावांतल्या गाडीवाल्यांना माझी विनंती आहे. नवी जाळी स्वतः बसवा. जुनी कचऱ्यात टाकू नका. पारदर्शक पिशवीत घालून तोंड बंद करा, वर तारीख आणि किती किलोमीटर चालली ते लिहा आणि येत्या ग्रामसभेत घेऊन या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी जवळ असेल ती. दहा गाड्यांच्या दहा जाळ्या सरपंचांच्या टेबलावर ठेवा आणि तीन ठराव मागा: रेतीचा टिप्पर ताडपत्रीशिवाय गावातून जाणार नाही, मिलचा कोंडा आणि राख उघड्यावर उडणार नाही, हंगामात शाळेसमोरच्या रस्त्यावर रोज पाणी मारलं जाईल. ठराव लिहून घ्या, वाचून घ्या, त्याची प्रत मागा. स्वतःच्या गाडीतली हवा तुम्ही दहा मिनिटांत सुधारू शकता. गावाची हवा सुधारायला ग्रामसभेत हात वर करावा लागेल, आणि तो गाडीवाल्यांनी सगळ्यांच्या आधी वर करावा.