अबोल्याला जागा लागते

अबोला धरायला घर मोठं लागतं. निदान दोन मजले आणि खाली एक तळघर. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घरात ही सोय वर्षानुवर्षं उत्तम चालली आहे. बिनसलं की आमचे हे बेसमेंटमध्ये जाऊन स्क्रूंच्या बरण्या लावत बसतात, मी वरच्या खोलीत कपाट आवरायला काढते आणि स्वयंपाकघर तटस्थ राहतं. तिथे ज्याने त्याने आपापल्या वेळी जाऊन आपापला चहा करून घ्यायचा. भांडण असं ऐसपैस मुरलं की तिसऱ्या दिवशी ते कशावरून होतं हेच आठवत नाही. आरव्ही नावाची गाडी ज्यांनी काढली त्यांनी संसाराच्या या बाजूचा विचारच केलेला दिसत नाही.

आम्ही भाड्याने घेतलेली आरव्ही 28 फुटी होती. फोर्डच्या ट्रकचं नाक आणि मागे पांढरं खोकं. त्या खोक्यात शेगडी, फ्रीज, सिंक, संडास-बाथरूम, मागे पलंग, मधे जेवायचं टेबल आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. बाथरूममध्ये साबण खाली पडला तर तो उचलायला दार उघडून बाहेर वाकावं लागतं. रागाने पाठ फिरवून बसावं म्हटलं, तर फिरवलेलं तोंड कुठल्या ना कुठल्या आरशात समोरच्याला दिसतंच. आणि हे धूड चालवायला वेगळं लायसन्सही लागत नाही. एक व्हिडिओ दाखवतात, चार ठिकाणी सह्या घेतात आणि किल्ली हातात ठेवतात.

हे सगळं सुचलं एका पासावरून. आमचे हे आयुष्यभर पुलांची पाहणी करणारे इंजिनियर. निवृत्त झाल्यावर पाहायला पूल उरले नाहीत, तेव्हा ती नजर माझ्या फडताळाकडे वळली. डाळींच्या डब्यांवर तारखा पडू लागल्या. अशात कुणीतरी सांगितलं की 62 वर्षं पूर्ण झालेल्या इथल्या नागरिकाला 80 डॉलरमध्ये देशातल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. 2017 सालापर्यंत हाच पास 10 डॉलरला मिळत होता हे कळल्यावर ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पण पास घेतला. आता घेतलाय तर तो वसूल व्हायला नको? लेक कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. विमानाने सहा तासांत पोचता येतं, पण विमानातून पास वसूल होत नाही. म्हणून 80 डॉलर वसूल करण्यासाठी कित्येक हजार डॉलरची गाडी ठरली. शिवाय एका किनाऱ्यावर घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर सोडायची म्हणून वेगळी रक्कम. त्या रकमेचा आकडा मला अजून कुणी सांगितलेला नाही.

जॉन स्टाइनबेकही 1960 साली अशीच एक गाडी घेऊन अमेरिका बघायला निघाला होता. गाडीला डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव दिलं, रोसिनान्ते. आणि सोबतीला घेतला चार्ली नावाचा कुत्रा. निघाला तेव्हा बायको घरीच. दोनच वर्षांनी त्याला नोबेल मिळालं. मी काही सुचवत नाही, फक्त सांगते आहे.

आरव्हीत एकट्याने होणारं काम एकच, गाडी पुढे नेणं. बाकी सगळ्याला दोन माणसं लागतात. त्यातलं पहिलं म्हणजे मागे घेणं. कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येकाला एक पट्टा आखून दिलेला असतो. तिथे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं भोक. (यातल्या सगळ्यात प्रसिद्ध साखळीचं नाव केओए. 1962 साली मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये सुरू झाली. त्यांनी कॅम्पग्राउंडचं स्पेलिंग मुद्दाम ‘के’ने केलंय. आमच्या हुजूरपागेत असं लिहिलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं.) त्या भोकाशी नेमकं टेकेल असं हे 28 फुटी खोकं उलटं घालायचं. मी मागे उभी राहून हात हलवणार, हे आरशात बघणार.

“येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…”

“किती?” खिडकीतून आवाज.

“येऊ द्या की अजून.”

“अगं, येऊ द्या म्हणजे किती? फुटात सांग!”

आता पुण्यातल्या बोळाबोळांतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘येऊ द्या’वर गाड्या लावत आली आहेत. कुणी फूटपट्टी मागितलेली नाही. मी म्हणते “बस”, तोवर मागचं चाक कुणाच्या तरी शेकोटीच्या कड्याला टेकलेलं. आणि हे सगळं भरल्या प्रेक्षागृहात. कारण आरव्हीवाल्या अमेरिकन आजी-आजोबांची संध्याकाळची करमणूक हीच. घडीच्या खुर्च्या टाकून, हातात थंड डबा घेऊन, नव्याने आलेलं जोडपं गाडी मागे कशी घेतं ते बघायचं. आयोवात शेजारच्या पट्ट्यावरच्या आजोबांना आमचा प्रयोग इतका आवडला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्याच भावाची गाडी काढताना मोठ्याने ओरडत होते, “यू द्या! यू द्या!” भाऊ बिनचूक आला.

गाडी लागली की ती सपाट आहे का हे बघायचं. तसं नसेल तर आतला गॅसवरचा फ्रीज रुसतो. ह्यांनी त्यासाठी घरून स्पिरिट लेव्हल आणली होती. ती टेबलावर ठेवायची, बुडबुड्याकडे एक डोळा मिटून बघायचं, मग चाकाखाली पिवळे ठोकळे सारायचे. मला ठोकळे लागत नाहीत. तव्यावर धिरडं घातलं की कळतं. पीठ ड्रायव्हरच्या बाजूला पळालं आणि तिकडची कड जाड झाली तर त्या बाजूला एक ठोकळा. एका संध्याकाळी बुडबुडा मध्यभागी होता आणि धिरडं खिडकीकडे सरकत होतं. ह्यांनी धिरडं खाल्लं, बुडबुडा खरा मानला. सकाळी फ्रीजमधलं दूध फाटलं होतं.

धिरड्यापर्यंत ठीक होतं, फोडणी हे खरं संकट. इथल्या आरव्हीत शेगडीपासून हातभर अंतरावर छताला धुराचा भोंगा बसवलेला असतो. टोस्ट करपला तरी तो बोंबलतो असं अमेरिकन लोकच सांगतात. त्याच्यापुढे हिंग-मोहरीची काय कथा? पहिल्याच रात्री पेनसिल्व्हेनियात मोहरी तडतडायच्या आत तो सुरू झाला आणि शेजारचे तीन जण अग्निशामक नळकांडी घेऊन दारात आले. बिचाऱ्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून मेतकूट-भात वाढला. त्यानंतर पद्धत ठरली. मी तेल तापवायचं, हिंग हातात धरायचं, आणि “तयार?” म्हणून विचारायचं. ह्यांनी पंचा घेऊन भोंग्याखाली उभं राहायचं आणि मी मोहरी टाकली की तो गरागरा फिरवायचा. साध्या वरणाला दोन माणसं! घरात मी अबोल्यातही चार भाज्या केल्या आहेत. इथे बोलणं बंद म्हणजे फोडणी बंद, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ओहायोची हद्दही लागली नव्हती.

आता टाक्यांचं सांगायला हवं, जेवताना वाचत असाल तर पुढच्या परिच्छेदावर जा. गाडीच्या पोटात तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक करडी, तिच्यात अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी, आणि एक काळी. काळीत काय ते नावावरून कळतं. ती दर दोन-तीन दिवसांनी नळी लावून रिकामी करायची. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नळीच्या तोंडाशी एक पारदर्शक कोपरा असतो, आतून काय चाललंय ते दिसावं म्हणून. हे कुणाला बघायचं असतं असं मला आधी वाटलं होतं. तर ते मला बघायचं होतं. हे कोपरापर्यंत हातमोजे घालून झडपेशी उकिडवे, मी टॉर्च घेऊन.

“स्वच्छ येतंय का?”

“नाही.”

“आता?”

“नाही हो.”

लग्नात सात पावलं चालले तेव्हा यातलं काहीच कुणी बोललं नव्हतं. टाकी रिकामी केली की ह्यांना डोक्यावरून अंघोळ हवी. पण गाडीतला गिझर सहा गॅलनचा, म्हणजे जेमतेम 23 लिटर. अंगाला साबण लागेपर्यंत गरम पाणी संपतं, आणि उरलेली अंघोळ रामरक्षा म्हणत होते.

आयोवात जगातला सर्वांत मोठा ट्रकथांबा लागतो, तिथे आम्ही ह्यांना हवं ते सगळं बघितलं. साउथ डकोटात मात्र मला मजा आली. शेकडो मैल आधीपासून रस्त्याच्या कडेला पाट्या सुरू होतात, वॉल ड्रग, वॉल ड्रग. 1931 साली एका तरुण जोडप्याने वॉल नावाच्या ओसाड गावातलं औषधांचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. पाच वर्षांनी बायकोने सुचवलं की रणरणत्या उन्हातून लोक जातात, त्यांना बर्फाचं पाणी फुकट मिळेल अशी पाटी लावू. लावली, आणि गर्दी लोटली ती आजतागायत. पाणपोई आपण पुण्यासाठी घालतो, यांनी त्यावर बाजारपेठ उभी केली. नवऱ्याने बायकोचं ऐकलं म्हणून, हे मी ह्यांना तिथे दोनदा ऐकवलं. फुकट पाणी आणि पाच सेंटची कॉफी पिऊन हे जे बाहेर आले ते डोक्यावर काउबॉय टोपी घालून. टोपी पाच सेंटची नव्हती.

आणि वायोमिंगमधल्या बफलो गावी ते घडलंच. गाडीत सतत कुठूनतरी खडखडाट येत होता. ह्यांचं म्हणणं, तो माझ्या स्टीलच्या डब्यांचा. “एवढा संसार कशाला घेतलास बरोबर? चार प्लास्टिकच्या ताटल्या पुरल्या असत्या.” मी म्हटलं, “मग उद्यापासून ताटल्याच खा.” झालं. अबोला. पण जायचं कुठे? बेसमेंट न्यू जर्सीत. मी शेजारच्याच सीटवर, पट्टा बांधलेली, समोर बिगहॉर्न पर्वत. घाट चढून 9,666 फुटांवरची खिंड गाठली. देखावा असा की दगडानेही ‘अहाहा’ म्हणावं. आम्ही दोघांनी ते गिळलं. ह्यांनी घाटभर नुसता घसा खाकरला, मी खिडकीतून एका हरणाला हात केला.

वाट दाखवायचं काम फोनमधल्या बाईवर सोपवलं होतं. पलीकडे उतरताना दरीत तिचीही वाचा गेली. वरलंड गावात रस्ता फुटतो. उजवीकडे ग्रेबुल, आमचा ठरलेला रस्ता. डावीकडे थर्मोपोलिस. हे थांबले, माझ्याकडे पाहिलं. नकाशा माझ्या मांडीवर होता. मी नकाशाची घडी घातली. ह्यांनी डावीकडे वळवली.

तीसेक मैल दक्षिणेला गेल्यावर डोंगरावर मोठ्या अक्षरांत दिसलं, गरम पाण्याचे झरे. 1896 साली शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून सरकारने ही जागा घेतली, तेव्हा शोशोनींचा प्रमुख वॉशाकी याने अट घातली होती की इथलं पाणी सर्वांना फुकट मिळालं पाहिजे. सव्वाशे वर्षं झाली, अजून मिळतं. सरकारी स्नानगृहात नाव लिहायचं, वीस मिनिटं डुंबायचं, पैसे नाहीत. सहा गॅलनच्या गिझरमधून आलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मी गळ्यापर्यंत त्या पाण्यात बसले आणि वॉशाकीला मनापासून दुवा दिला. पलीकडच्या कोपऱ्यात हे, डोळे मिटून, लालबुंद. बाहेर येऊन केस पुसताना म्हणाले, “मी मुद्दामच इकडून घेतलं.”

मी बोलणार होते. पण थर्मोपोलिसहून मीटीट्सीवरून थेट कोडीला जाणारा रस्ता निघाला, मागे फिरायची गरजच पडली नाही, आणि हा माणूस हे आता जन्मभर सांगणार हे मला त्याच क्षणी कळलं.

यलोस्टोनमध्ये आमचा मुक्काम फिशिंग ब्रिजला होता. अस्वलांमुळे तिथे तंबू चालत नाहीत, कडक भिंतींच्याच गाड्या लागतात. इतक्या उंचीवर पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ ठेवली तर ती शिजायची वाट अस्वलही बघणार नाही. पण मी कुकर आणला होता, स्टीलच्या डब्यांशेजारी. पहिली शिट्टी झाली आणि आजूबाजूच्या चार गाड्यांचे दिवे लागले. एका बाईंनी दाराच्या फटीतून विचारलं, ही अस्वल आल्याची सूचना आहे का? ह्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, “तीन झाल्यावर बाहेर या.” तिसऱ्या शिट्टीनंतर त्या खरंच आल्या, वाटी घेऊन.

यूटातलं मिठाचं वाळवंट सरळ, नेवाडा त्याहून सरळ. एवढ्या मैलांवर सांगण्यासारखं काही नाही. फ्रीमाँटला लेकीच्या वसाहतीत रात्री आरव्ही उभी करायला बंदी, म्हणून सामान उतरवून ती त्याच संध्याकाळी परत केली. लेकीचं घर मोठं. दोन मजले, चार खोल्या, अबोल्याला उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू अंघोळीला गेले. वरून पाण्याचा आवाज येत राहिला, येतच राहिला. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग जिना चढून बाथरूमच्या दारावर थापा मारल्या.

“अहो, नळ बंद करा! टाकी भरली असेल!”

“कुठली टाकी, बाबा?” आतून घाबरा आवाज.

“करडी!” मी खालून ओरडले.