सेल्फराव

आमच्या टीममधल्या या गृहस्थाचं पाळण्यातलं नाव आता फक्त पगाराच्या स्लिपवर उरलंय. रेल्सच्या मॉडेलमध्ये कुठलीही मेथड लिहायची म्हटली की त्याची बोटं आधी 'डेफ सेल्फ डॉट' एवढं टाइप करतात आणि मग विचाराला लागतात. म्हणून सेल्फराव.

या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. 'सेल्फ' लावलेली मेथड क्लासची, न लावलेली एकेका रेकॉर्डची. टेबलातून एखादी ऑर्डर शोधायची तर ऑर्डर या क्लासलाच विचारावं लागतं, कारण ती अजून हाती आलेली नसते. हाती आली की तिची बेरीज तिलाच विचारावी. सेल्फराव बेरीजही क्लासला विचारतो आणि ती ऑर्डर कंसात घालून क्लासच्या स्वाधीन करतो. म्हणजे समोर उभ्या असलेल्या जोशीकाकांना दंडाला धरून सोसायटीच्या चेअरमनकडे न्यायचं आणि विचारायचं, "यांचा गुडघा कसा आहे हो?" उत्तर बरोबर येतं, हीच पंचाईत.

हटकलं की तो थेट जपान गाठतो. "मात्सुमोतोंनी १९९५ साली रेल्समागची रूबी भाषा बाहेर आणली. तिच्यात क्लास हासुद्धा ऑब्जेक्टच, 'क्लास' नावाच्या क्लासचा! मग त्याच्याशी बोललो तर बिघडलं कुठे?" हे खरं असल्यामुळे आम्ही चहाला जातो.

मूळचा तो सदाशिव पेठेतला. ज्या घराण्यात शेजाऱ्याच्या स्कूटरचा त्रास होतो, पण शेजाऱ्याशी न बोलता फाटकावर पाटी लावून अखिल वाहनधारकांना समज दिली जाते, त्या घराण्यातला.

एकदा एकाच गिऱ्हाइकाची ऑर्डर रद्द करायची होती. यानं 'अपडेट ऑल' चालवलं आणि कुठली ऑर्डर ते सांगणारा आधीचा 'व्हेअर' विसरला. 'अपडेट ऑल' एका एसक्यूएल फटक्यात काम उरकते. व्हॅलिडेशन बघत नाही, कॉलबॅक चालवत नाही. अख्ख्या टेबलातल्या ऑर्डरी रद्द झाल्या, आणि कॉलबॅक न चालल्यामुळे कुणालाही मेल गेला नाही. "बघ, गिऱ्हाइकांना काही त्रास नाही," सेल्फराव म्हणाला. आम्ही पहाटेपर्यंत बॅकअप चढवत होतो.

कांदेपोह्यांच्या वेळी यानं मुलीला विचारलं होतं, "मुलींना साधारण काय वाचायला आवडतं?"

"मुलींचं माहीत नाही. मला रहस्यकथा आवडतात."

तिनं होकार का दिला, हेही त्यातलंच एक रहस्य असावं. घरात दोनच माणसं, तरी हा म्हणायचा, "लोक खोलीतून जाताना पंखा बंद करत नाहीत." ती शांतपणे विचारायची, "कुठले लोक?"

परवा त्याच्या दोन वर्षांच्या मुलीनं दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही. डॉक्टर पाठमोरे हात धुता धुता म्हणाले, "या वयात मुलं असं करतातच."

सेल्फराव उसळला. "मुलांचं राहू द्या हो! हिला काय झालंय ते बघा!"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग पर्समधून फोन काढून तिनं मला मेसेज केला: 'भाऊजी, आज सेल्फ लावायला विसरले.'