पटावरचं नाव

आमचा प्रिंटर गेल्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेला. सात वर्षांत त्यानं छापले त्याहून जास्त कागद चावले होते, त्यामुळे घरात कुणी डोळ्यांत पाणी आणलं नाही. भंगारवाल्यानं त्याला तराजूत घातलं आणि दीडशे रुपये माझ्या हातावर ठेवले. मी घरी येऊन कॉम्प्युटरमधलं त्याचं सॉफ्टवेअरही रीतसर काढलं. काम नीट झाल्याची पोचसुद्धा पडद्यावर मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर मधोमध एक चौकट. माथ्यावर ‘रनडीएलएल’ हे नाव, लाल गोळ्यात पांढरी फुली, मग सी ड्राइव्हपासून निघालेला लांबलचक पत्ता आणि शेवटी ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’. प्रिंटरचं कायसंसं सापडत नाही म्हणे. सापडेल कसं? मीच तर त्याला घराबाहेर काढलंय! मी ‘ओके’ दाबलं, चौकट गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी. असे आठ महिने गेले. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा आणि प्रिंटर सापडत नाही हे मान्य करायचं.

बंगळुरात राहणाऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो अशी आमच्या मिरजेकडच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. मी एका औषध कंपनीत हिशेब तपासतो, हे त्यांना सांगून झालं आहे. ‘तरी पण...’ असं म्हणून ते पुढचा प्रश्न विचारतात. त्यामुळे माझ्याच कॉम्प्युटरला ही व्याधी आहे, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा एस. पी. रोडला गेलो तेव्हा तेवढं धाडस केलं. त्या रस्त्यावर स्क्रूपासून मदरबोर्डपर्यंत काहीही मिळतं, आणि सल्ला तर फुकट. दुकानदार मुलानं माझी कहाणी अर्ध्यावरच तोडली. ‘फॉरमॅट माडबिडोणा, सार!’ म्हणजे सगळं पुसून टाकू आणि नव्यानं भरू. भिंतीत एक ढेकूण निघाला म्हणून घर पाडायचं, तसला प्रकार. मी नम्रपणे माउस घेऊन परत आलो. माउसची गरज नव्हती, पण रिकाम्या हातानं दुकानाबाहेर पडणं बरं दिसत नाही.

मग जूनमध्ये आत्या आली. गुडघ्याच्या तपासणीसाठी म्हणून आली आणि दीड महिना राहिली. मिरजेच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. तिच्यासमोर आजही माझी कॉलरची गुंडी आपोआप लागते. एका सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि चष्मा सरसावून तिनं ती चौकट मोठ्यानं वाचली, अगदी पत्त्यातल्या तिरप्या रेघांसकट.

‘हे काय रे?’

‘काही नाही आत्या, रोज येतं. प्रिंटर विकला ना आपण, तो सापडत नाही म्हणून सांगतंय.’

‘म्हणजे पोरगा दाखला घेऊन गेला, पण हजेरीपटावरून नाव कमी केलं नाहीत!’

आठ महिने मला जे उमगलं नव्हतं ते तिनं एका दमात सांगितलं. विंडोज सुरू होताना खरोखरच हजेरी घेतं. उघडल्याबरोबर कुणाकुणाला उठवायचं याच्या याद्या असतात. काही रजिस्ट्री नावाच्या मोठ्या दप्तरात, ‘रन’ या खणात. काही स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये. काही टास्क शेड्युलरकडे, म्हणजे ठरल्या वेळी घंटा देणाऱ्या शिपायाकडे. सॉफ्टवेअर घरात येताना यातल्या दोनतीन ठिकाणी नाव घालून ठेवतं. जाताना आपलं सामान नेतं, पण प्रत्येक वहीतलं नाव खोडायचं भान त्याला असतंच असं नाही. कधी अँटीव्हायरस फाइल उचलून नेतो आणि नाव तसंच राहतं. कधी आपणच शहाणपणा करून अख्खं फोल्डर उडवतो. मग रोज सकाळी नाव पुकारलं जातं, कुणी ‘हजर’ म्हणत नाही, आणि मास्तर वर्गाला विचारतात, कुठे गेला हा?

रविवारी आम्ही दोघं कामाला लागलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, स्टार्टअपच्या पानावर गेलो. तिथं एक ओळ नुसतीच ‘प्रोग्राम’. ना चित्र, ना कंपनीचं नाव, ना गोत्र. त्याचा पत्ता ‘प्रोग्राम फाइल्स’पासून सुरू होत असणार. मधल्या मोकळ्या जागेवर तो तुटला आणि नावाच्या ठिकाणी पहिला शब्द तेवढा उरला. मी विजयी मुद्रेनं त्याला डिसेबल केलं. सोमवारी चौकट हजर. आत्या म्हणाली, ‘भलत्याच पोराला वर्गाबाहेर काढलंस.’

मग ‘ऑटोरन्स’ आणलं. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिसइंटर्नल्सचं हे हत्यार. २००६ साली मायक्रोसॉफ्टनं सिसइंटर्नल्स विकत घेतलं, आणि ऑटोरन्स आजही फुकट मिळतं. सगळ्या वह्यांतली सगळी नावं ते एका लांबच लांब यादीत मांडतं, आणि ज्याची फाइल जागेवर नाही ती ओळ पिवळी करून दाखवतं. आमच्या यादीत पिवळ्या ओळी निघाल्या अकरा! त्यात प्रिंटर होता, शेड्युलरच्या वहीत दडून बसलेला. शिवाय मुलीच्या शाळेच्या काळातला एक शब्दकोश होता, कधीकाळी घेतलेल्या मोबाइलचं काहीतरी होतं, आणि रजिस्ट्री साफ करून देतो म्हणून आलेला एक फुकट ‘क्लीनर’ही होता. लोकांची नावं खोडायला आलेल्यानं जाताना स्वतःचं नाव मागं ठेवावं! असल्या क्लीनरांच्या नादी लागू नये, मायक्रोसॉफ्टही त्यांची हमी घेत नाही.

मी सगळ्या ओळी डिलीट करायला निघालो, तर आत्यानं हात धरला. शाळेत दोन दप्तरं असतात, म्हणाली. हजेरीपटावरून नाव कमी करायचं, पण जनरल रजिस्टरमधून नाही. तिथं शाळा सोडल्याची तारीख घालायची आणि शेरा लिहायचा. तीस वर्षांनी कुणीतरी जन्मतारखेचा पुरावा मागायला येतंच. ऑटोरन्समध्येही तशी सोय निघाली. ओळीपुढची बरोबरची खूण काढली की नाव पुकारणं थांबतं, पण नोंद राहते. चूक झालीच तर खूण परत करता येते. आम्ही प्रिंटरची खूण काढली. मंगळवारी सकाळी पडदा स्वच्छ होता. सवयीनं मी ‘ओके’ दाबायला माउस हलवला, तर दाबायला काही नव्हतं. बाकीच्या दहा ओळी कुणाला त्रास देत नव्हत्या, त्या तशाच ठेवल्या. पिवळं दिसलं की खोडत सुटणाऱ्यांची गाठ मग एस. पी. रोडवरच्या त्या मुलाशी पडते.

आत्याला मात्र आता अशी मागं राहिलेली नावं शोधायचा नादच लागला. आली होती ती राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं. तिकीट तिनं पर्समध्ये जपून ठेवलं होतं, ते काढून मला दाखवलं. स्टेशनचं नाव आता क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा बंगळुरू, पण पुढची अक्षरं जुन्या बंगळूर सिटीचीच, एसबीसी. स्टेशनबाहेर रिक्षावाले त्या भागाला मॅजेस्टिक म्हणतात, आणि ज्या मॅजेस्टिक टॉकीजवरून ते नाव पडलं ती टॉकीज कधीच पाडली गेली. म्हैसूर बँक सर्कलला जा, म्हणजे स्टेट बँक ऑफ म्हैसूर. ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, पण सर्कलनं विलीन व्हायला नकार दिला. मॅजेस्टिकचं बसस्थानक जिथं आहे तिथं धर्मांबुधी तळं होतं, कंठीरव स्टेडियमच्या जागी संपंगी तळं. तळी गेली, पण मोठा पाऊस झाला की पाणी या शहरात जुने पत्ते शोधत हिंडतं. त्या एररला कुठलं बटण दाबायचं हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

गुडघा जरा बरा झाल्यावर मी तिला काडू मल्लेश्वराला नेलं, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. या देवळाचा १६६९ सालचा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. पुढं १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना देऊन टाकलं. मराठी अंमल इथून काढला गेला, तो असा. ते मेदरनिंगनहळ्ळी आता शोधूनही मिळत नाही. जिथं होतं म्हणतात त्या बाजूला १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था आहे, आणि तिला इथले जुने लोक अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. आत्यानं देवाला नमस्कार केला, पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘याला म्हणतात जनरल रजिस्टर.’

जुलै संपता संपता ती मिरजेला गेली. जाताना माझ्या डायरीत स्वतःच्या अक्षरात लिहून गेली : प्रिंटर, नाव कमी केल्याचा दिनांक, शेरा – वर्तणूक असमाधानकारक.

कधी आमच्याकडे यायचं झालं तर मॅजेस्टिकहून मेट्रोनं पुढचंच स्टेशन, मंत्री स्क्वेअर. तिथून रिक्षा करा आणि आमच्या इमारतीच्या वॉचमनला ‘बँकवाल्यांचं घर’ असं विचारा. आमच्या आधी तिथं बँकेतले एक गृहस्थ भाड्यानं राहत होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तरी तेच विचारा. माझं नाव सांगितलंत तर तो मान हलवून म्हणेल, ‘इल्ला.’