पाच रुपये सत्त्याहत्तर पैसे

अर्थसंकल्प जवळ आला की आरोग्यावरच्या परिसंवादांना मोहर येतो. मंचावर चार तज्ज्ञ, समोर पाण्याच्या बाटल्या आणि विषय ठरलेला: आरोग्यसेवेचा खर्च कोणी उचलावा? पहिले म्हणतात, सरकारने दवाखाने चालवावेत. दुसरे म्हणतात, सरकारने फक्त विमा काढावा, दवाखाने ज्याला जमतात तो चालवेल. तिसरे म्हणतात, सरकारने मध्ये येऊच नये. चौथे अध्यक्ष असतात, त्यांना तिघांचंही पटतं. दोन तासांत जीडीपी येतो, युनिव्हर्सल कव्हरेज येतं, थायलंड येतं. थ्री-वे येत नाही.

थ्री-वे म्हणजे सलाइनच्या नळीला लावायची प्लास्टिकची चिमुकली तोटी. तिला तीन तोंडं. खटका फिरवला की एक बंद, दोन चालू. पुन्हा सुई न टोचता औषध आत सोडता येतं. ज्यांच्या घरचं माणूस आयसीयूत राहून आलंय त्यांनी ती पाहिलेली असते. पाहिली नसेल तर पैसे भरलेले असतात.

२०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं सरकारने तपासली. तेव्हा दिसलं की यातली एक तोटी ५ रुपये ७७ पैशांना विकत घेतली होती आणि रुग्णाला लावली होती १०६ रुपयांना. नफा १,७३७ टक्के.

लोक त्या १,७३७वर भडकले. खरं तर थांबून पाहावं ते ७७ पैशांपाशी. पंचवीस पैशांचं नाणं २०११च्या जूनअखेर चलनातून गेलं. पन्नासाच्या वरचे सत्तावीस पैसे कोणाला द्यायचे म्हटले तरी देता येत नाहीत. तरी कुठल्याशा खरेदी विभागात एक माणूस बसला असणार, पुरवठादाराने ५ रुपये ८० पैसे सांगितले असणार आणि हा म्हणाला असणार, "छे हो, परवडत नाही." तीन पैशांसाठी झुंजणाऱ्या या माणसाला आरोग्यखातं सांभाळायला द्यायला हवं. पण विक्रीच्या टेबलावर पोचेपर्यंत पैसे गळून पडतात आणि निव्वळ रुपये उरतात. तेही १०५ नाहीत, ११० नाहीत, १०६. हा वरचा एक रुपया कमालीचा हुशार आहे. १०५ म्हटलं असतं तर कोणीतरी अंदाजपंचे लावलंय असं वाटलं असतं. १०६ म्हटलं की वाटतं, कुणीतरी रात्र जागून हिशेब केलाय.

आणि यात कायदा कोणी मोडला? कोणीच नाही. तोटीच्या पाकिटावर छापील किंमत असते आणि तिच्यावर एक पैसा घेतलेला नसतो. गंमत त्या छपाईतच आहे. बाजारात गिऱ्हाईक कमी छापील किमतीची वस्तू शोधतं. इथे ठोक खरेदी करणारं रुग्णालय जास्त छापील किमतीची शोधतं, कारण घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, तोही आडवा झोपलेला. जो उत्पादक किंमत फुगवून छापेल त्याला ऑर्डर. मग सरकारचं नियंत्रण? आहे ना. दरनियंत्रित यादीबाहेरच्या मालाची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पहिली किंमत मात्र ज्याची त्याने ठरवायची. जिना चढायला बंदी, माडीवर जन्म घ्यायला मुभा.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटला मात्र सरकारने थेट वेसण घातली. फेब्रुवारी २०१७मध्ये औषधलेपित स्टेंटवर २९,६०० रुपयांची आणि साध्या स्टेंटवर ७,२६० रुपयांची मर्यादा आली. आधी लाखाच्या वर जाणारी वस्तू एका रात्रीत खाली आली. चांगलं काम झालं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण अँजिओप्लास्टीच्या बिलात स्टेंट एकटा नसतो. बलून असतो, कॅथेटर असतो, वायर असते, हातमोजे असतात आणि आपली तोटी असते. त्या चार रुग्णालयांच्या बिलांत दरनियंत्रित औषधांचा वाटा जेमतेम चार टक्के निघाला. सरकारने कुलूप लावलं ते एवढ्याच खोलीला.

परिसंवादातले दुसरे तज्ज्ञ इथे खुर्चीत पुढे सरकतात: म्हणूनच तर पॅकेज! केंद्राने २०१८मध्ये गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच दिलं. महाराष्ट्राने २०२३मध्ये ते सगळ्याच रेशनकार्डधारकांना द्यायचं ठरवलं. पॅकेजमध्ये तोटी, मोजे, औषधं सगळं आलं, वेगळं बिल लावायचं नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात रुग्णालय म्हणतं, हे दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर येत नाहीत. मग नातेवाइकाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं जातं, "काका, एवढं पॅकेजमध्ये बसत नाही." काय बसत नाही हे लेखी कोणी देत नाही.

मग पहिल्या तज्ज्ञांच्या सरकारी दवाखान्यात जावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. छानच! पण वॉर्डात साठा संपलेला असतो. चिठ्ठी हातात पडते, "हे बाहेरून आणा." आणि रात्री दोन वाजता कुणाचा तरी भाचा समोरच्या मेडिकलकडे धावतो. केसपेपर फुकट, तोटी विकत. ज्याला खाट सोडून कुठे जाता येत नाही त्याच्या घरच्यांना अपरात्री दुकान शोधायला लावणारी व्यवस्था स्वतःला मोफत म्हणवते आणि वर त्याच्या जाहिराती लावते, याची कोणाला लाज वाटत नाही. आणि समोरचं मेडिकल रात्रभर उघडं कसं काय असतं? कारण साठा संपणार हे त्याला वॉर्डाच्या आधी ठाऊक असतं.

साठा संपतो कारण पैसे नसतात आणि पैसे नसतात कारण ते पुढच्या धोरणात असतात. २००२च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितलं, २०१०पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २ टक्के करू. २०१७च्या धोरणाने सांगितलं, २०२५पर्यंत अडीच टक्के करू. २०२१-२२चा आकडा १.८४ टक्के होता. पहिलं उद्दिष्ट गाठण्याआधीच दुसरं त्याहून मोठं ठेवलं. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. त्या खिशाने कधी मुदतवाढ मागितली नाही.

महाराष्ट्रात आता २०२१च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. ते लावलेलंही असतं, क्वचित फिश टँकमागे. त्यावर खाटेचं भाडं असतं, डॉक्टरांच्या व्हिजिटचे पैसे असतात. तोटी तिथे नसते. ती असते बिलाच्या शेवटच्या पानांत, 'कन्झ्युमेबल्स' या मथळ्याखाली, कापूस आणि पट्ट्यांच्या मधोमध. डिस्चार्ज मिळालेलं माणूस व्हीलचेअरवर ताटकळत बसलेलं असताना ती पानं कोण वाचणार? मुलगा पाकीट काढतो आणि विचारतो, "कार्ड चालेल ना?"

"चालेल की," काउंटरवरची ताई म्हणते, "दोन टक्के जास्त पडतील, दादा."